जकातीचे आठ हक्कदार

जकात हा शब्द कानी पडला की आमच्या पिढीच्या मराठी माणसाला आधी नाका आठवतो. हैदराबादेहून सोलापूरला जाताना शहराच्या वेशीवर मालमोटारींची लांबलचक रांग, रस्त्यावर आडवा टाकलेला बांबू आणि पावतीपुस्तक घेऊन बसलेला कारकून, हे चित्र आम्ही लहानपणापासून पाहत आलो. पुढे महाराष्ट्रातील एकेका शहरातून ही जकात उठत गेली आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मुंबईचे नाकेही बंद झाले. नाका गेला, शब्द राहिला. आमचे सारे आयुष्य ज्या शहरात गेले त्या हैदराबादेत मात्र हाच शब्द दरवर्षी रमजानच्या महिन्यात घरोघर निराळ्या अर्थाने ऐकू येतो. तेथे तो वेशीवरचा कर नसून मुसलमान गृहस्थाने आपल्या शिलकी संपत्तीतून दरवर्षी काढून द्यावयाचा ठरलेला भाग असतो.

दोन्ही अर्थांचे नाते आहे. अरबी भाषेत या शब्दाच्या मुळाशी शुद्धी आणि वाढ या दोन कल्पना आहेत. संपत्तीतला ठरलेला भाग बाजूला काढला म्हणजे उरलेली शुद्ध होते आणि तिला बरकत येते, अशी त्यामागील श्रद्धा. दुसरे खलीफा उमर यांच्या काळापासून नाक्यावरून जाणाऱ्या मालावर मुसलमान व्यापाऱ्याकडून जो चाळिसावा भाग घेतला जाई, तो जकात म्हणूनच घेतला जाई. कारभाराच्या भाषेतून हा शब्द दख्खनमध्ये उतरला आणि मालावरचा कर एवढाच त्याचा अर्थ मराठीत रुजला. धर्मकर्तव्याचा मूळ अर्थ आपल्या भाषेत आलाच नाही. तो आम्हाला वयाच्या पंचेचाळिशीनंतर, आणि तोही स्वतःच्या एका चुकीतून समजला. त्या चुकीची हकीकत सांगितल्याविना या विषयात शिरणे आम्हाला शक्य नाही.

२०१५ सालची गोष्ट. त्या वर्षी शाळा उघडल्या आणि रमजानही सुरू झाला, दोन्ही जून महिन्यातच. आमच्या सरकारी शाळेचा एक जुना विद्यार्थी, आता पत्थरगट्टीच्या बाजूला कापडाचा लहानसा व्यापार करणारा, एके दिवशी आला, पाया पडला आणि पंधरा हजार रुपयांचे पाकीट टेबलावर ठेवून म्हणाला, “साब, गरीब बच्चों के वास्ते.” आम्ही आनंदून गेलो. त्याच संध्याकाळी वर्गशिक्षकांना विचारून तीस मुलांची यादी केली. प्रत्येकी पाचशे रुपये, हिशेब सरळ होता. अठरा मुले मुसलमान, बारा हिंदू व ख्रिस्ती. गरिबी हीच एक कसोटी लावली, याचे आम्हाला मनातून थोडे कौतुकही वाटले होते.

दुसऱ्या दिवशी आमचे उर्दूचे शिक्षक, ज्यांना सारी शाळा मौलवीसाहेब म्हणते, यादी पाहून गप्प झाले. मग त्यांनी हळूच विचारले, “साब, ही रक्कम जकातीची आहे की लिल्लाह?” लिल्लाह म्हणजे देवाच्या नावाने स्वखुशीने दिलेले दान. आम्ही म्हणालो, पैसा तो पैसा, त्यात हा भेद कसला? ते म्हणाले, “भेद आहे साब. लिल्लाह असेल तर कोणालाही द्या. जकात असेल तर ती तुमची नाही, माझी नाही आणि देणाऱ्याचीही नाही. ती ज्यांची आहे त्यांची नावे ठरलेली आहेत.” गरिबीलाही धर्म असतो काय, असे काहीसे आम्ही त्यांना चिडून बोललो. त्यांनी वाद घातला नाही. “देणाऱ्याला विचारून तर पाहा,” एवढेच म्हणाले. दूरध्वनी केला तेव्हा कळले की पंधरातले बारा हजार जकातीचे होते आणि तीन हजार लिल्लाह. एकाच पाकिटात घालून देताना आपण सांगावयास विसरलो, याबद्दल त्या विद्यार्थ्याने पुनःपुन्हा माफी मागितली.

आमची यादी अशी मोडली. त्यानंतरच्या काही दिवसांत शाळा सुटल्यावर मौलवीसाहेबांबरोबर बसून, आणि पुढे वर्षानुवर्षे वाचून विचारून, आम्ही जे शिकलो ते येथे मांडीत आहोत.

काय द्यावयाचे आणि कोणी

नमाज, रोजा, हज यांच्याप्रमाणे जकात हेही इस्लामच्या पाच आधारस्तंभांपैकी एक आहे. ती ऐच्छिक नाही. सन ६३२ मध्ये मुहंमद पैगंबरांचे निधन झाल्यावर अरबस्तानातील काही टोळ्यांनी नमाज पढू पण जकात देणार नाही असा पवित्रा घेतला, तेव्हा पहिले खलीफा अबू बक्र यांनी त्यांच्याविरुद्ध शस्त्र उचलले. नमाज आणि जकात यांची ताटातूट त्यांना मान्य नव्हती.

जकात देण्यास पात्र कोण, याची मर्यादा ठरलेली आहे. तिला निसाब म्हणतात. हिंदुस्थानात ती साडेसात तोळे सोने अथवा साडेबावन तोळे चांदी अशी मोजतात. आजच्या मापात सुमारे ८७.४८ ग्रॅम सोने किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी. एवढे सोने, चांदी, रोकड वा व्यापाराचा माल गरजा व कर्ज भागवून ज्याच्यापाशी उरतो आणि चांद्र वर्ष पुरे झाल्यावरही ज्याची शिल्लक निसाबाखाली जात नाही, त्याने त्याचा चाळिसावा भाग, म्हणजे शेकडा अडीच, द्यावयाचा. एक लाखाला अडीच हजार. शेतीच्या उत्पन्नाचे प्रमाण निराळे. पावसावर पिकले तर दहावा भाग, पाणी देऊन पिकवले तर विसावा. शेतकऱ्याच्या कष्टाचा केलेला हा विचार आम्हाला फार मार्मिक वाटला.

राहते घर, अंगावरचे कपडे, घरातील भांडीकुंडी, कारागिराची हत्यारे आणि विद्वानाच्या अभ्यासाची पुस्तके या गोष्टी हिशेबात धरीत नाहीत. पुस्तकांना मिळालेली ही सूट ऐकून आम्ही मौलवीसाहेबांकडे कृतज्ञतेने पाहिले, कारण पुस्तकांखेरीज आमच्यापाशी मोजण्यासारखे फारसे काही नाही.

आठ हक्कदार

आता मुख्य प्रश्न. हा काढलेला भाग कोणाचा? कुराणातील ‘तौबा’ नावाच्या नवव्या अध्यायातील साठाव्या वचनात आठ वर्ग सांगितले आहेत. एकाने पैगंबरांकडे जकातीतून काही मागितले असता, ही वाटणी ईश्वराने कोणावर, पैगंबरावरदेखील, सोपवलेली नसून स्वतःच आठ भागांत केली आहे, तू त्यांतला असशील तर तुझा हक्क तुला देईन, असे उत्तर त्यांनी दिल्याचे कथन आहे. यातला ‘हक्क’ हा शब्द महत्त्वाचा. तोही अरबीतूनच मराठीत आला आहे, आणि सुदैवाने अर्थासकट आला आहे.

पहिले दोन वर्ग फकीर आणि मिस्कीन. मराठीत फकीर म्हटला की कफनी, झोळी आणि मोरपिसांचा झाडू डोळ्यांपुढे येतो. येथे अर्थ साधा आहे, गरीब. दोहोंत अधिक गरीब कोण, यावर धर्मशास्त्र्यांत शतकानुशतके वाद आहे. हैदराबादेतील बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी परंपरेचे. त्यांच्या मते फकिरापाशी थोडेबहुत असते, मिस्किनापाशी काहीच नसते. शहराच्या दक्षिणेला बारकस नावाची वस्ती आहे. निजामाच्या लष्करात चाकरीला आलेल्या हद्रमौतच्या अरबांचे वंशज तेथे राहतात. ते शाफिई परंपरेचे. त्यांच्या मते नेमके उलट. कारण कुराणात एके ठिकाणी स्वतःची नौका असलेल्या माणसांनाही मिस्कीन म्हटले आहे. भाषेच्या शिक्षकाला असा वाद ऐकताना वेळ कसा जातो ते कळत नाही.

परंतु या वादापेक्षा एक हदीस अधिक मोलाची आहे. घासदोन घासांसाठी दारोदार फिरणारा तो खरा मिस्कीन नव्हे. ज्याच्यापाशी पुरेसे नाही, ज्याची अवस्था कोणाच्या ध्यानात येत नाही आणि जो स्वतः हात पसरीत नाही, तो खरा मिस्कीन, असा तिचा आशय आहे. म्हणजे घेणाऱ्याने देणाऱ्याला शोधावयाचे नसून देणाऱ्याने घेणाऱ्याला शोधावयाचे. उलट धडधाकट आणि कमावण्यास समर्थ असलेले दोघेजण मागावयास आले तेव्हा पैगंबरांनी त्यांना नखशिखांत न्याहाळले आणि धनवंताचा किंवा कमावू शकणाऱ्या बलवानाचा यात वाटा नाही, अशी जाणीव दिली, असेही सांगतात.

तिसरा वर्ग जकात गोळा करणाऱ्या व तिचा हिशेब ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यांचा. हे गरीब नसले तरी चालतात, कारण त्यांना मिळते ते त्यांच्या श्रमाचे वेतन. या संदर्भातील एक गोष्ट प्रत्येक सरकारी नोकराने ऐकण्यासारखी आहे. वसुलीवर पाठवलेला एक माणूस परत आला आणि म्हणाला, हे तुमचे आणि ही मला मिळालेली भेट. तेव्हा पैगंबरांनी व्यासपीठावरून सर्वांसमक्ष विचारले की हा आपल्या आईबापांच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती काय?

चौथा वर्ग ज्यांची मने वळवून घ्यावयाची अशांचा. आरंभीच्या काळात काही टोळीप्रमुखांना असे साहाय्य दिले जाई. अबू बक्र यांच्या कारकिर्दीत उमर यांनी ते थांबवले. इस्लाम दुबळा होता तेव्हा याची गरज होती, आता नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यावरून हनफी पंडित हा वर्ग संपला असे मानतात. इतर काही परंपरा गरज पडेल तेव्हा तो जिवंत आहे असे म्हणतात. धर्मग्रंथातील वचनाचा अंमल करताना त्याचे प्रयोजन उरले आहे काय, असा प्रश्न सातव्या शतकातच विचारला गेला होता, ही गोष्ट आम्हाला लक्षणीय वाटते.

पाचवा वर्ग गुलामांच्या मुक्तीचा. ठरलेली रक्कम फेडून स्वातंत्र्य मिळवण्याचा करार केलेल्या गुलामाला त्यासाठी जकात देत. गुलामगिरीची प्रथा कायद्याने उठल्यावर या वर्गाचे काय करावे, यावर आजच्या पंडितांत एकमत नाही.

सहावा वर्ग कर्जबाजाऱ्यांचा. कर्ज वजा जाता ज्याच्यापाशी निसाबाएवढे उरत नाही, असा माणूस वरकरणी बऱ्या घरात राहत असला तरी पात्र ठरतो. सातवा वर्ग ‘ईश्वराच्या मार्गात’ असलेल्यांचा. जुन्या पंडितांनी यात साधनांवाचून अडलेला लढवय्या धरला, काहींनी वाटखर्च संपलेला हजयात्रीही धरला. या शब्दाची मर्यादा किती ताणावी, यावर अद्याप चर्चा चालू असते.

आठवा वर्ग वाटसरूचा. तो आपल्या गावी धनवान का असेना, परक्या ठिकाणी निर्धन होऊन अडकला असेल तर घरी पोहोचण्यापुरते घेण्याचा त्याला हक्क आहे. पूर्वी उंटाच्या तांड्यांच्या काळातली ही तरतूद आम्हाला इतिहासजमा वाटत असे. २०२० सालच्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागली आणि गावाकडे घर, शेत, माणसे असलेले हजारो मजूर डोक्यावर बोचकी घेऊन महामार्गांवरून चालताना सर्वांनी पाहिले. त्या दिवशी आठवा वर्ग कोणता, हे आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

या आठांत समान वाटणी करावयाची काय? शाफिई परंपरा शक्य तितक्या वर्गांना पोहोचवण्याचा आग्रह धरते. हनफी परंपरेत एकाच वर्गाला, किंबहुना एकाच गरजूला दिली तरी कर्तव्य पार पडते.

कोणाला चालत नाही

पात्र कोण हे जितके काटेकोर, तितकेच अपात्र कोण हेही. निसाबाएवढी शिल्लक असलेल्यास जकात चालत नाही, मग ती विधवा का असेना. येथे एक अडचण आहे. मुळात सोन्याचा आणि चांदीचा निसाब सारख्या किमतीचा होता. आज सोने चांदीच्या कितीतरी पट महाग आहे. चांदीचे माप धरले तर देणाऱ्यांची संख्या वाढते, पण त्याच मापाने घेण्यास पात्र असणारे घटतात. बेताच्या स्थितीतले घर क्षणात घेणाऱ्यांतून देणाऱ्यांत जाते. कोणते माप धरावे, हा विचार म्हणूनच अजून चालू आहे.

आपले आईबाप, आजीआजोबा, मुले, नातवंडे यांना जकात देता येत नाही. त्यांचे पोषण हे कर्तव्यच आहे. ते करून वर धर्म केल्याचे समाधान मिळवणे म्हणजे एका खिशातले दुसऱ्या खिशात घालणे. पतीने पत्नीला देऊ नये, याबद्दल एकमत आहे. पत्नीने गरीब पतीला द्यावी काय, यावर मात्र मतभेद आहेत. इमाम अबू हनीफा नको म्हणाले, तर त्यांच्याच दोन थोर शिष्यांनी, अबू यूसुफ आणि मुहंमद यांनी, चालेल असे मत दिले. भाऊ, बहीण, काका, मामा, आत्या, मावशी गरजू असतील तर त्यांना अवश्य द्यावी. त्यात दानाचे पुण्य आहे आणि नाते जपल्याचेही.

मशिदीच्या बांधकामालाही जकात चालत नाही, हे ऐकून आम्ही चकित झालो. विहीर, पूल, मयताचे कफन यांनाही नाही. हनफी नियम असा की जकात कोणा जिवंत, हक्कदार माणसाच्या मालकीची करून द्यावी लागते. ती त्याच्या हाती पडली पाहिजे आणि तिचे काय करावे हे त्याने ठरवले पाहिजे. वीट मालक होऊ शकत नाही. देवाच्या घराला वर्गणी द्यावयाची तर ती वेगळ्या खिशातून द्यावी, गरिबाच्या वाट्यातून नव्हे.

आणि बिगरमुसलमानांना? आमच्या मनात सलत असलेला प्रश्न हाच होता. बहुतेक साऱ्या परंपरांचे उत्तर नाही असे आहे. मुआज नावाच्या सहकाऱ्याला येमेनला पाठवताना, तेथील धनवंतांकडून घ्यावी आणि तेथीलच गरिबांना द्यावी असा आदेश पैगंबरांनी दिला होता. त्याचा अर्थ असा लावतात की ज्या समाजावर हा भार आहे त्याच समाजात तो फिरावा. हनफींमधील जुफर यांचे मत निराळे होते, पण ते प्रचारात आले नाही. ऐच्छिक दानाला मात्र हे बंधन नाही; ते कोणत्याही धर्माच्या गरजूला द्यावे, त्याचेही पुण्य आहे. रमजान ईदेच्या दिवशीचे फित्र्याचे दानसुद्धा मुस्लिम राज्यातील अन्यधर्मीय गरिबाला देण्यास अबू हनीफा यांनी मुभा दिली होती.

एवढे सांगून झाले तरी आमचे समाधान झाले नव्हते. ते मौलवीसाहेबांनी नव्हे, एका विधवा बाईने केले.

परत आलेले पाकीट

ठरल्याप्रमाणे आम्ही नवी यादी केली. मौलवीसाहेब अठरा मुलांच्या घरी जाऊन आले. दोन घरे गळाली. एका घरी आईच्या पेटीत निसाबाहून अधिक सोने होते, दुसऱ्याने विकण्यासाठी घेऊन ठेवलेला प्लॉट होता. दोघांनीही ते आपण होऊन सांगितले. उरलेल्या सोळा मुलांना बारा हजारांतून साडेसातशे रुपये आले. बारा हिंदू व ख्रिस्ती मुलांसाठी तीन हजार होते, म्हणजे प्रत्येकी अडीचशे. एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांना असे वेगळे पाकीट द्यावयाचे, हे आमच्याने होईना. त्या व्यापारी विद्यार्थ्याला आम्ही काहीच कळवले नव्हते. पण मौलवीसाहेबांनी कळवले असावे. दुसऱ्या दिवशी त्याचा माणूस आणखी सहा हजार घेऊन आला. ही जकात नव्हे, हे माझे, असा निरोप होता. अठ्ठावीस मुलांना सारखी पाकिटे गेली. कोणाला कोणत्या पैशांतून मिळाले हे मुलांना सांगण्याचे कारण नव्हते. देणाऱ्याच्या मनात संकल्प असला म्हणजे पुरे, घेणाऱ्याला जकात हा शब्द ऐकवलाच पाहिजे असे नाही.

चौथ्या दिवशी सातवीतल्या एका मुलीची आई कचेरीत आली. नवरा वारून दोन वर्षे झाली होती. शिवणकामावर घर चाले. खोलीचे भाडे थकले होते, हे आम्हाला वर्गशिक्षिकेकडून ठाऊक होते. तिने पाकीट टेबलावर ठेवले आणि विचारले, “साब, ये जकात का पैसा है क्या?” आम्ही खोटे बोललो नाही. ती म्हणाली, “तो हमना नक्को, साब. बच्ची के वालिद सादात थे.”

सादात म्हणजे सय्यद, पैगंबरांच्या वंशातले. हजेरीपटावर मुलीच्या नावापुढे सय्यद लिहिलेले नसल्याने मौलवीसाहेबांच्याही ध्यानात आले नव्हते. पैगंबरांच्या हाशिम कुळाला जकात वर्ज्य आहे. नातू हसन लहान असताना त्याने दानाच्या खजुरांतला एक उचलून तोंडात घातला, तेव्हा आपल्याला हे चालत नाही असे सांगून आजोबांनी तो त्याला थुंकावयास लावला, अशी हदीस आहे. जो धर्म सांगतो त्याच्या घरच्यांनी त्या धर्माच्या नावे जमलेल्या पैशाला हात लावू नये, ही त्यातील मर्यादा. पूर्वी त्यांच्यासाठी लुटीच्या पाचव्या भागातून, खुम्समधून, निराळी तरतूद होती. शिया पंथात खुम्समधील सय्यदांचा वाटा आजही काढतात, आणि सय्यदाने सय्यदाला जकात दिलेलीही त्यांना चालते. सुन्नी सय्यदांसाठी ती तरतूद उरली नाही, म्हणून आता त्यांना जकात द्यावी असे काही पंडितांनी म्हटले. पण आपल्याकडे बहुतेकांना ते मान्य नाही. त्या बाईलाही नव्हते.

तिच्या ‘नक्को’ने आम्ही हललो. हा शब्द दखनीने आपल्या मराठीच्या ‘नको’वरून घेतला आहे, आणि शतकानुशतके दोन्ही भाषांतली माणसे तो एकाच अर्थाने बोलत आली आहेत. वार लावून जेवणाऱ्या आणि माधुकरी मागून शिकणाऱ्या मुलांच्या कथा आपल्या घरांतूनही सांगितल्या जातात. घेण्यालाही मर्यादा असते, हे त्या पिढीला सांगावे लागत नसे. भाडे थकलेले असताना समोर आलेले साडेसातशे रुपये आपल्या हक्काचे नाहीत म्हणून परत करणारी बाई पाहिल्यावर, दारिद्र्य आणि दैन्य या दोन शब्दांत काय अंतर आहे ते आम्हाला एम. ए.च्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा स्पष्ट कळले.

मौलवीसाहेबांनी तिला बसावयास सांगितले. मग ते बाहेर गेले आणि आपल्या खिशातले साडेसातशे रुपये नव्या पाकिटात घालून घेऊन आले. “आपा, हे जकातीचे नाही. हा हदिया आहे, भावाकडून,” असे म्हणून त्यांनी ते दोन्ही हातांनी पुढे केले. भेट म्हणून दिलेले सय्यदांना चालते. बरीरा नावाच्या मुक्त झालेल्या दासीला कोणी मांस दान केले होते. तिने त्यातले पैगंबरांच्या घरी पाठवले. ते तिच्यासाठी दान होते, आता तिच्याकडून आपल्याला आली ती भेट, असे म्हणून त्यांनी ते स्वीकारले. वस्तू तीच राहिली. गरिबाची झाली तेव्हा तीही देणारी झाली. बाईने पाकीट घेतले. परत आलेले साडेसातशे नव्याने दाखल झालेल्या एका मुलाला गेले. त्याच्या वडिलांवर कर्ज होते. सहावा वर्ग.

त्या रात्री आम्ही पुन्हा हिशेब मांडला. जकात नसलेल्या पैशांतून कोणाला मिळाले? बारा हिंदू-ख्रिस्ती मुलांना, आणि पैगंबरांच्या वंशातल्या त्या मुलीला. आमच्या मनातला राग तेथे विरला. ज्या नियमाने परधर्मीय मुलांना बाहेर ठेवले, त्याच नियमाने पैगंबरांच्या लेकराबाळांनाही बाहेर ठेवले होते. त्या नियमाला आम्ही तुच्छता समजलो होतो, पण तो बंदोबस्त होता. हा पैसा धार्मिक प्रतिष्ठेच्या, आप्तांच्या किंवा मशिदीच्या मार्गाने वाहून जाऊ नये, ज्याच्यासाठी काढला त्याच्याच हाती पडावा, यासाठी चारी बाजूंनी घातलेले ते कुंपण होते. त्या कुंपणाबाहेरच्यांची भूक खोटी आहे, असे ते म्हणत नाही. त्यांच्यासाठी माणसाने आणखी एकदा, आपण होऊन, खिशात हात घालावा लागतो. त्या कापड-व्यापाऱ्याने तसा घातला, आणि मौलवीसाहेबांनीही.

आपल्याकडेही दान देताना देश, काल आणि पात्र पाहावे असे गीतेच्या सतराव्या अध्यायात सांगितले आहे. सत्पात्री दान हा शब्द आपण पत्रिकांतून आणि कीर्तनांतून सहज वापरतो. पण पात्र शोधण्यासाठी अठरा घरे फिरण्याची तसदी आपल्यातले किती जण घेतात? पात्र पाहणे म्हणजे याचकाची उलटतपासणी, असे आम्ही समजत होतो. ते देणाऱ्याचे काम आहे आणि त्यासाठी त्याला चालावे लागते, हे आम्हाला उर्दूच्या एका शिक्षकाने शिकवले.

उमय्या घराण्यातील खलीफा उमर बिन अब्दुल अजीज यांच्या अल्प कारकिर्दीबद्दल, म्हणजे सन ७१७ ते ७२० या काळाबद्दल, एक आख्यायिका सांगतात. उत्तर आफ्रिकेत जकात वाटण्यासाठी पाठवलेल्या अधिकाऱ्याला तेथे घेणारा गरीबच सापडला नाही, तेव्हा त्याने तो पैसा गुलामांना मुक्त करण्यात खर्च केला. आठ हक्कदारांच्या यादीचे अंतिम साध्य ती यादी रिकामी होणे हेच असावे.

ती वेळ येईल तेव्हा येईल. तोवर दर रमजानमध्ये तो व्यापारी विद्यार्थी आमच्याकडे येतो. आता तो दोन पाकिटे आणतो आणि दोहोंवर उर्दूत नीट लिहून आणतो. मौलवीसाहेब २०१९ साली निवृत्त झाले. तरी यादी तेच तपासतात, चपला घालून, एकेका घरी जाऊन. गेल्या दोन वर्षांपासून आम्हीही त्यांच्याबरोबर जातो. ती मुलगी शिकून आता एका शाळेत नोकरीला लागली आहे. मागच्या रमजानमध्ये तिने आपल्या पगारातून पाचशे रुपये पाठवले. पाकिटावर लिहिले होते, लिल्लाह, कोणत्याही मुलासाठी.